आरसी जेटमध्ये जास्तीची ताकद भरताय? आधी हे मोजून घ्या

मे महिन्यात नाशिकच्या आसपासच्या कुठल्याही माळावर रिमोटवर उडणारं (आरसी) नवं फोम जेट न्या, अनुभव बहुतेकांना सारखाच येतो. व्हिडिओत जे विमान वीस पावलांत उचलतं, ते इथे मुरमावर नुसतं धावत राहतं. धुरळा उडतो, माळ संपत येतो, नाक काही वर येत नाही. मग बाजूला उभा असलेला कुणीतरी हमखास म्हणतो, "४एसवर काय चालवतोय, ६एस टाक की भाऊ!" ४एस, ६एस म्हणजे बॅटरीत ओळीनं जोडलेले चार किंवा सहा सेल. या लेखात त्या सल्ल्याचीच चिरफाड करू. तुमच्याकडे ५० ते ९० मिमी फॅनचं इलेक्ट्रिक जेट, म्हणजे ईडीएफ, असेल तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. टर्बाइनवाल्यांसाठी शेवटी थोडं लिहिलंय.

आधी हवेचा हिशेब

नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीला १५ अंश तापमानात हवेची घनता असते १.२२५ किलो प्रति घनमीटर. आपल्याकडे मेमध्ये ३८ अंशांना ती १.०५ च्या आसपास उतरते. हवा सुमारे चौदा टक्के विरळ झाली, म्हणजे त्याच आरपीएमला (मिनिटाला तेवढ्याच फेऱ्यांना) फॅनचा थ्रस्ट, म्हणजे ढकलणारा जोरही, तेवढाच घटला. शिवाय विरळ हवेत पंखाला उचल मिळण्यासाठी विमानाला सातआठ टक्के जास्त वेगानं धावावं लागतं. थ्रस्ट कमी आणि धाव जास्त, असा दुहेरी फटका बसतो. मोटर मात्र ठणठणीत असते.

हेच जेट डिसेंबरात सकाळी आठ वाजता उडवून बघा. निफाडकडे थंडीत पारा एक आकडी होतो हे पेपरात दरवर्षी येतंच. त्या हवेची घनता १.१६ च्या पुढे जाते आणि विमान झटकन उचलतं. पण इथे एक गोष्ट नवख्यांच्या लक्षात येत नाही. दाट हवेत फॅनवर भार जास्त पडतो, करंटही जास्त ओढला जातो. मे महिन्यात काठावर चालणारा सेटअप डिसेंबरात काठ ओलांडू शकतो. म्हणून अँपिअर मोजायचे तर थंडीत, सकाळी मोजा. उन्हाळ्यातला आकडा फसवा असतो.

पहिली पायरी : आहे ते मोजा

वॉटमीटर घ्या. बॅटरी आणि ईएससी (मोटरचा वेग ठरवणारं सर्किट) यांच्या मध्ये लागतो, छोटीशी डबी असते, किंमतही फार नसते. जेट घट्ट बांधा. नुसतं हातानं धरू नका. टेबलाला पट्ट्यांनी आवळा किंवा दोन मजबूत खुंट्यांना अडकवा. फॅनच्या तोंडापुढे कागद, पिशवी, गळ्यातली ओढणी, आयडी कार्डाची दोरी असं काहीही येऊ देऊ नका. बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या. थ्रॉटल हळूहळू पूर्ण करा, पाच सेकंद ठेवा, आकडे वाचा, खाली आणा.

चार आकडे वहीत लिहा : व्होल्ट, अँपिअर, वॉट आणि बॅटरीसकट विमानाचं वजन. सोबत त्या दिवसाचं तापमानही टिपून ठेवा. हे आकडे हातात नसताना "पॉवर कमी पडतेय" असं म्हणणाऱ्याशी चर्चा करण्यात अर्थ नाही.

आता मॅन्युअलशी ताडून बघा. मॅन्युअलमध्ये ४५ अँपिअर लिहिलेत आणि तुमच्याकडे ३६ च येत असतील, तर जेटला ताकद कमी नाही, कुठेतरी गळती आहे. बहुतेक वेळा बॅटरी थकलेली निघते : एखादा सेल भाराखाली खचतो. कधी कनेक्टर काळा पडलेला असतो, कधी ईएससीचं थ्रॉटल कॅलिब्रेशन राहून गेलेलं असतं. डक्टच्या आत स्टिकर सुटून फडफडत असेल तर तिथेही थ्रस्ट जातो. हे सगळं फुकटात किंवा एका बॅटरीच्या पैशात सुटतं.

थ्रस्ट मोजायचा असेल तर सामान तोलायचा लटकता काटा चालतो. फोमच्या सुरुवातीच्या जेटला वजनाच्या पाऊणपट थ्रस्ट असेल तर ते मजेत उडतं. सरळ उभं आभाळात चढायचं असेल तरच वजनाइतका किंवा त्याहून जास्त लागतो, आणि ती हौस पहिल्या वर्षी नसावी, असं माझं मत.

दुसरी पायरी : वाढवून मिळणार काय, ते कागदावर काढा

हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो आणि त्याला लागणारी ताकद घनानं. गणित सरळ आहे, पण त्याचा अर्थ पचायला वेळ लागतो. समजा तुमचं जेट ७०० वॉटवर ताशी ११० किमी जातं. ताकद दुप्पट केली, १४०० वॉट ओतले, तर वेग होईल फार तर ताशी १३८. ताकद दुप्पट, वेग जेमतेम सव्वापट. हेही वजन तेवढंच राहिलं तर, आणि ते तेवढं राहत नाही.

आता दुसऱ्या बाजूनं बघा. तीच मोटर, तोच फॅन, फक्त ४एसच्या जागी ६एस. व्होल्टेज दीडपट झालं. आरपीएम त्याच प्रमाणात वाढायला बघतो आणि फॅन खाईल ती ताकद आरपीएमच्या घनाप्रमाणे, म्हणजे जवळजवळ ३.४ पट. करंट सव्वादोन पट. ४५ अँपिअरचे झाले १०१. प्रत्यक्षात बॅटरी दबते, मोटर गरम होऊन मागे पडते, त्यामुळे आकडा थोडा खाली राहील. पण तुमची ईएससी ६० अँपिअरची आहे, आणि "थोडा खाली" म्हणजे साठाच्या आत नव्हे.

ईएससी जळते तेव्हा नुसता थ्रस्ट जात नाही. बऱ्याच छोट्या जेटमध्ये रिसीव्हर आणि सर्वोंना (विमान वळवणारे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरींना) वीज त्याच ईएससीतल्या बीईसीतून, म्हणजे व्होल्टेज उतरवून देणाऱ्या भागातून, मिळते. ती गेली की तुमच्या हातातला रिमोट शोभेचा. ताशी १३० च्या वेगानं जाणारं सव्वा किलोचं विमान मग कुठे जायचं ते स्वतः ठरवतं.

तिसरी पायरी : कुठे काय मोडतं ते ओळखा

सगळ्यात आधी रोटर, कारण दुखापत करणारा भाग तोच. ६४ मिमीचा रोटर ४५ हजार आरपीएमवर फिरतो तेव्हा पात्याच्या टोकाचा वेग सेकंदाला १५० मीटर असतो. अर्ध्या ग्रॅमचं प्लॅस्टिकचं पातं आपल्या बुडख्याला साधारण २७ किलोच्या ओढीनं खेचत असतं. आरपीएम सव्वापट केला की ही ओढ चाळीस किलोच्या पुढे जाते, कारण तीही वर्गानं वाढते. पात्याला मुरमाचा खडा लागून टोक किंचित खाल्लेलं असेल तर रोटरचा तोल आधीच गेलेला असतो. तुटलेलं पातं मागून नव्हे, कडेनं बाहेर पडतं, फोम फोडून. म्हणून बांधून चाचणी करताना फॅनच्या बरोबर बाजूला कुणी उभं राहायचं नाही. तुम्ही नाकाच्या बाजूला, थोडं तिरपं आणि मागे सरकून उभे राहा. बघायला आलेली पोरं आणखी बरीच मागे. डोळ्यांवर चष्मा हवाच.

उड्डाणाआधी रोटर हातानं फिरवून नखानं एकेक पातं तपासायची सवय लावा. पात्याच्या बुडाशी पांढरी रेघ दिसली तर तो रोटर गेला. फेविक्विक लावू नका.

दुसरी गोष्ट फ्लटर. जेट पाडण्यात हिचा हात मोठा, आणि नवख्याला ती कळत नाही, कारण पडल्यावर सगळे म्हणतात "सिग्नल गेला". एका ठरावीक वेगापुढे एलेरॉन (पंखाचा हलणारा मागचा भाग) किंवा एलिव्हेटर (शेपटीचा तसाच भाग) हवेत थरथरायला लागतो. एकदा सुरू झालं की सेकंदाच्या आत वाढत जातं आणि सर्वोचे दात, हॉर्न (तार जोडायची छोटी दांडी) किंवा अख्खा पृष्ठभाग घेऊन जातं. कारखान्यानं ते विमान मूळ वेगासाठी बनवलेलं असतं. वेग सव्वापट झाला की हवेचा मारा दीडपटीहून जास्त होतो, पण हिंज तोच फोमचा, पुशरॉड तीच बारीक तार, सर्वो तोच प्लॅस्टिक गिअरचा.

तपासायचं कसं? रिमोट आणि विमान चालू ठेवा. एलेरॉनची मागची कड दोन बोटांच्या चिमटीत धरून वरखाली हलवा. सर्वो न हलता कड एक मिलिमीटरपेक्षा जास्त हलली तर त्या विमानाला जास्तीच्या वेगावर नेऊ नका. हलतंय कुठून ते शोधा : हॉर्नचं भोक मोठं झालंय, क्लेव्हिस (तार हॉर्नला अडकवणारा चिमटा) ढिला आहे, की सर्वोच फोममध्ये हलतोय. पुशरॉड सर्वोच्या बाजूला आतल्या भोकात आणि हॉर्नच्या बाजूला बाहेरच्या भोकात असावी. खेळ कमी होतो. लांब तार वाकत असेल तर तिच्यावर कार्बनची नळी चढवा.

उडताना एकदम घर्र असा आवाज आला तर थ्रॉटल लगेच खाली आणि नाक हलक्या हातानं वर. झटका द्यायचा नाही, त्या क्षणी पंखावर आधीच हवा मावत नसते. उतरवल्यावर विमान ठीक दिसलं तरी त्या सर्वोचे गिअर उघडून बघायचेच.

बाकीचं थोडक्यात. जड बॅटरी पुढे किंवा मागे सरकते आणि सीजी, म्हणजे विमानाचा तोलबिंदू, बदलतो. तो मॅन्युअलच्या खुणेवर आणल्याशिवाय उडवू नका. वजन वीस टक्के वाढलं तर लँडिंगचा वेग साडेनऊ टक्क्यांनी वाढतो. मे महिन्यातली विरळ हवा त्यात मिळवा, समुद्रसपाटीवरच्या हलक्या विमानापेक्षा तुम्ही अठरा टक्के जास्त वेगानं मुरमावर टेकताय. पुढचं चाक आणि रिट्रॅक्ट (आत मिटणारे पाय) आधी जातात. आणि लायपो बॅटरीच्या पाकिटावरचा सी आकडा (ती किती करंट देऊ शकते तो) दुकानदारासाठी असतो. हिशेब करताना तो निम्माच धरा.

चौथी पायरी : मुळात अडलंय कुठे ते सोडवा

तुमचं जेट उचलत नाही याचं कारण वॉटमध्ये क्वचित असतं. छोटी चाकं मुरमात रुततात, हे पहिलं कारण. एक माप मोठी, रुंद चाकं घाला. पुढचा पाय थोडा उंच करा, म्हणजे विमान उभं असतानाच नाक एखाद-दोन अंश वर राहील. बऱ्याच जेटमध्ये थ्रस्टची रेघ चाकांच्या बरीच वरून जाते, त्यामुळे थ्रॉटल दिला की नाक खाली दाबलं जातं. अशा विमानाला जास्त ताकद दिली तर ते आणखी दाबलं जातं. ६एस टाकूनही उचलत नाही, नुसतं जास्त वेगानं बांधावर जातं, त्याचं कोडं इथे सुटतं.

धावपट्टीसाठी माळावरचा धावेपुरता पट्टा खडे वेचून, झाडूनं साफ करून घ्या. रबरी दोराचा बंजी लाँच हाही चांगला उपाय आहे; चाकं काढून टाकता येतात, वजन घटतं आणि फॅनमध्ये खडे जात नाहीत. सकाळी सातला उडवा. दुपारी दोनला माळावर येऊन विमानाला दोष देण्यात काही मतलब नाही. वारा समोरून घ्या. आणि थोडे फ्लॅप खाली घेतल्यानं धाव किती घटते ते एकदा करून बघाच.

एवढं करूनही ताकद हवी असेल तर पैसे या क्रमानं घाला. आधी मेटल गिअरचे सर्वो आणि कडक पुशरॉड. मग सर्वो आणि रिसीव्हरसाठी वेगळा यूबीईसी (ईएससीबाहेरचा स्वतंत्र बीईसी). मग तेवढ्याच सेलची, पण खरोखर चांगली बॅटरी. नुसत्या या बदलानं भाराखालचं व्होल्टेज सुधारतं आणि फरक कानांना ऐकू येतो. त्यानंतर तोल काढलेला चांगला रोटर. मोटर आणि जास्त सेल सगळ्यात शेवटी. जास्त सेलवर जाताना केव्ही (एका व्होल्टमागे आरपीएम) कमी असलेली मोटर घ्यायची, म्हणजे आरपीएम फॅनच्या मर्यादेत राहतो. फॅनची कमाल आरपीएम बनवणाऱ्यानं दिलेली नसेल तर त्या फॅनवर प्रयोग नको. ईएससी मोजलेल्या करंटच्या निदान सव्वापट क्षमतेची घ्या आणि तिला हवा लागेल अशी बसवा. बॅटरीच्या तारा वाढवाव्या लागल्या तर ईएससीजवळ जादा कपॅसिटर लावल्याशिवाय वाढवू नका.

पाचवी पायरी : बदलानंतरचं पहिलं उड्डाण

घरी फेलसेफ (सिग्नल तुटल्यावर विमान काय करतं ते) तपासा : विमान बांधून ठेवा, रिमोट बंद करा, थ्रॉटल शून्यावर यायला हवा. पहिल्या उड्डाणाला टायमर नेहमीच्या निम्म्यावर ठेवा. ३३०० एमएएचची बॅटरी ४५ अँपिअरवर पूर्ण थ्रॉटलला साडेतीन मिनिटांत ऐंशी टक्के रिकामी होते. करंट वाढवला की तो वेळ आणखी आखडतो, हे उडवण्याच्या नादात विसरायला होतं.

पूर्ण थ्रॉटल फक्त सरळ, समतल उड्डाणात, पुरेशा उंचीवर, आणि तोही तीनचार सेकंद. डाइव्हमध्ये पूर्ण थ्रॉटल द्यायचा नाही. एक माणूस शेजारी उभा करा, त्याचं काम फक्त आवाज ऐकायचं आणि आभाळ बघायचं. उतरवल्यावर लगेच हात लावून बघा : बॅटरी, ईएससी, मोटर. बोट ठेवता येत नाही एवढं काही तापलं असेल तर दुसरं उड्डाण नाही. लायपो ६० अंशांच्या वर जाता कामा नये, आणि मेमध्ये ती गाडीतूनच ४० अंशांची होऊन येते. थर्मोकोलच्या खोक्यात सावलीला ठेवा.

वेग अंदाजानं सांगू नका. छोटा जीपीएस लॉगर ठेवा, वाऱ्याच्या समोरून आणि वाऱ्यासोबत असे दोन पास घ्या आणि सरासरी काढा. ताशी १५० म्हणजे सेकंदाला जवळपास ४२ मीटर. दोनशे मीटरचा माळ पाच सेकंदांत संपतो. मीटरभराच्या जेटचं तोंड कुणीकडे आहे ते तीनशे मीटरवर धड कळत नाही. जोवर साध्या वेगावर दोन्ही बाजूंनी लँडिंग डोळे झाकून येत नाही, तोवर हा वेग तुमच्या हाताच्या पलीकडचा आहे.

जेट पडलंच तर बॅटरी लगेच उचलून पिशवीत घालू नका. दबलेली लायपो काही मिनिटांनीही पेट घेते. एप्रिलात माळावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं. वाळूची बादली आणि ओलं पोतं सोबत असू द्या.

जागा आणि नियम

नाशिकभोवतीचं आभाळ मोकळं नाही. ओझरला एचएएलचा विमान कारखाना आणि विमानतळ, नाशिक रोडजवळ गांधीनगरला आर्मी एव्हिएशनचं प्रशिक्षण केंद्र, देवळालीला तोफखान्याचं स्कूल आणि फायरिंग रेंज. ड्रोन नियम २०२१ हे २५ ऑगस्ट २०२१ ला लागू झाले आणि त्यात २५ किलोपर्यंतची मॉडेल विमानंही येतात : फक्त हौस, शिक्षण, संशोधन किंवा चाचणी यांसाठी आणि कायम नजरेच्या टप्प्यात. डिजिटल स्काय या सरकारी साइटच्या नकाशावर आपला माळ हिरव्या झोनमध्ये आहे का ते बघा. चालू विमानतळाच्या हद्दीपासून आठ किमीच्या आत जमिनीपासूनच परवानगीशिवाय उडवता येत नाही. आठ ते बारा किमीच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत, त्यापलीकडे हिरव्यात ४०० फुटांपर्यंत. लाल झोनचा विचारच नको. ताकदवान जेट पूर्ण थ्रॉटलला नाक वर केलं की ४०० फूट काही सेकंदांत ओलांडतं. टेलिमेट्रीवर (विमानाकडून रिमोटवर येणाऱ्या आकड्यांवर) उंचीचा अलार्म लावा.

दिंडोरी-गिरणारे बाजूला माळाला लागून द्राक्षबागा असतात. तारा, लोखंडी अँगल आणि माल लागलेले घड. तिथे पडलेलं विमान काढायला कुंपण ओलांडून जाऊ नका. आधी मालकाला हाक मारा, "दादा, विमान पडलंय बागेत, येऊ का?" असं विचारा आणि नुकसान झालं असेल तर तिथेच भरून द्या. खरं तर उडवायला सुरुवात करण्याआधीच जाऊन ओळख करून घेतलेली बरी. नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीकडे जेट नेऊच नका, हे वेगळं सांगायला नको. आणि संक्रांतीच्या आठवड्यात येवल्याच्या बाजूला तर नाहीच. तिथलं आभाळ पतंगांचं असतं आणि फॅनमध्ये गेलेला मांजा मोटरच्या शाफ्टला असा आवळतो की कापून काढावा लागतो.

टर्बाइनवाल्यांसाठी

टर्बाइन हा नवख्याचा विषय नाही, पण पैसे असलेला नवखा तिथे लवकर पोचतो. केरोसीनमध्ये पाच टक्क्यांच्या आसपास तेल, लाखाच्या वर आरपीएम, मागून शेकडो अंशांचा झोत. अमेरिकेतल्या अकॅडमी ऑफ मॉडेल एरोनॉटिक्सनं टर्बाइन उडवायला वेगळी परवानगी ठेवली आहे आणि वेगाला ताशी २०० मैल, म्हणजे सुमारे ३२० किमीची मर्यादा घातली आहे. हे उगाच नाही.

एअरफ्रेमला सांगितल्यापेक्षा मोठं इंजिन बसवलं तर वेगाच्या आधी लँडिंग त्रास देतं. मोठं टर्बाइन आयडलवरही, म्हणजे सगळ्यात कमी फेऱ्यांवरही, काहीशे ग्रॅम थ्रस्ट देत राहतं, त्यामुळे विमान उतरायलाच मागत नाही, पट्टीवर तरंगत पुढे जातं. गो-अराउंड करावं (न उतरता पुन्हा वर जावं) तर आयडलवरून पूर्ण थ्रस्ट यायला काही सेकंद लागतात. इलेक्ट्रिकची सवय झालेला माणूस इथे फसतो. इंजिन मोठं घेऊनच बसला असाल तर ईसीयूमध्ये (इंजिनाच्या कंट्रोलरमध्ये) कमाल आरपीएम खाली आणून ठेवा, स्टार्ट करताना सीओटू अग्निशामक हातात असलेला माणूस शेजारी उभा करा आणि चाकांना ब्रेक बसवा. ब्रेक नसतील तर आधी विमान उतरवायला पुरेल एवढी लांब, डांबरी, परवानगीची पट्टी शोधा. इंजिनाची ऑर्डर त्यानंतर द्या.